शेडमधलं जॅकेट

ते साल २०१८ होतं, सप्टेंबरचा पहिला आठवडा. आमटीला फोडणी देऊन मी हिंगाची डबी जागेवर ठेवत होते, तेवढ्यात कमलाकर स्वयंपाकघरात आले. दारामागच्या खुंटीवरचं आपलं हिरवं जॅकेट त्यांनी काढलं, नाकाला लावलं आणि ते घेऊन मागच्या दाराकडे निघाले.

“अहो, कुठे?”

“शेडमध्ये. आजपासून हे तिथेच राहील.”

“लॉनमोअरशेजारी? का पण?”

“फोडणीचा वास येतो गं त्याला. सकाळी रानात भेकर पन्नास पावलांवर होतं. नाक वर केलं, एकदा भुंकलं आणि गेलं. हिलरी म्हणाली, ‘दे डोन्ट सी यू, डॉक्टर. दे स्मेल युवर डिनर.’”

ते हसत होते. मला हसू आलं नाही.

१९७४ साली कॉव्हेंट्रीत आम्ही पहिलं घर भाड्याने घेतलं, तेव्हा शेजारीण दारात येऊन वासाबद्दल बोलून गेली होती. त्यानंतर महिनाभर मी खिडक्या लावून घेतल्या आणि उकडलेले बटाटे आणि पाव यांवर भागवलं. एका संध्याकाळी कमलाकर हॉस्पिटलमधून आले, त्यांनी स्वतः खिडकी सताड उघडली आणि म्हणाले, “घाल फोडणी. येऊ दे वास. इथे माणसं राहतात हे कळू दे की त्यांना.” त्या एका वाक्यावर मी या देशात टिकले, असं म्हटलं तरी चालेल.

“माणसांसमोर खिडकी उघडलीत,” मी म्हटलं, “आणि आता एका हरणापुढे माझी फोडणी आड आली?”

“फोडणी हवीच. फक्त तिकडे न्यायची नाही,” असं म्हणून ते शेडकडे गेले.

कमलाकर भूल देणारे डॉक्टर होते. ऑपरेशननंतर पेशंटला सर्जनचं नाव आठवतं, भूल देणाऱ्याचं कोणालाच आठवत नाही. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नोकरी, घर, आमची मुलगी इरावती, आणि रविवारी तिरंदाजीचा क्लब, एवढंच त्यांचं आयुष्य. क्लबात फोमची हरणं उभी करून त्यांच्यावर बाण मारायचे. खऱ्या हरणावर बाण सोडणं या देशात गुन्हा आहे, आणि ते कमलाकरांइतकं कोणालाच पाठ नव्हतं.

शहरापासून आठ मैलांवर क्लबातल्या हिलरीच्या वडिलांचं रान होतं. म्हातारा असेपर्यंत फाटकाला कुलूप आणि ‘प्रायव्हेट’ अशी पाटी. तो गेला आणि त्या उन्हाळ्यात हिलरीने कुलूप काढलं. रविवारी क्लबला रान वापरायला दिलं. तिथे भेकरं फार झाली होती. तिची ब्लूबेल्सची निळी फुलं सगळी खाऊन टाकत होती. नोव्हेंबरमध्ये परवाना असलेला बंदूकवाला येणार, हे तिने ठरवून टाकलं होतं. कमलाकरांनी तिच्याकडे त्याआधीचे गुरुवार मागून घेतले. पहाटे जायचं, धनुष्य घेऊन, एकटं.

“नो ॲरोज, डॉक्टर. नॉट इव्हन वन,” हिलरीने बजावलं होतं.

“बाण कशाला हवाय?” कमलाकर मला म्हणाले. “मला मारायचं कुठे आहे?”

ते खरंच होतं. अंडं उकडायचं तर वेगळं पातेलं काढणारा माणूस तो. त्यांना काय हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

त्यांचे वडील अक्कलकुव्याजवळच्या एका गावात शाळामास्तर होते. वर्गात वेस्ता नावाचा भिल्लाचा मुलगा कमलाकरांच्या शेजारी बसायचा. एकदा तो यांना पहाटे ओढ्यावर घेऊन गेला. दोघं तीन तास झुडपात बसले. भेकर पाण्यावर आलं, तेव्हा वेस्ताने आपला कामठा, म्हणजे बांबूचं धनुष्य, यांच्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, तू मार. यांनी त्याची बांबूच्या सालीची दोरी ओढली. हात थरथरला, बांबू करकरला, भेकर गेलं. वेस्ता काहीच बोलला नाही. त्या दिवशी त्याच्या घरी भाकरी आणि मिरची होती, आणि त्यातली अर्धी भाकरी त्याने यांना दिली.

“चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” कमलाकर म्हणायचे. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा ते तिथेच थांबले.

त्यांना पुन्हा एकदा भेकरासमोर धनुष्य ओढून उभं राहायचं होतं. भेकर पळून न जाता, हात न हलता. आणि वेळ थोडा होता. फेब्रुवारीत त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला होता. पार्किन्सन्स. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी विचारलं, “मला धनुष्य किती दिवस धरता येईल?” त्या म्हणाल्या, “काही करायचं राहिलं असेल, तर लांबवू नका.”

जॅकेट शेडमध्ये गेलं त्यावरून मी दोन दिवस धुसफुसले. तिसऱ्या दिवशी दुकानातून बिनवासाचा साबण आणला. पुढच्या गुरुवारपासून गाडीही मीच चालवायला लागले आणि त्यांच्यामागे रानातही जायला लागले. मग सात आठवडे दर बुधवारी रात्री आमच्याकडे बिनफोडणीचा दहीभात. मी केसांना तेल लावणं सोडलं, देवापुढची उदबत्ती शुक्रवारवर गेली. वारा कुठून येतो ते बघायला मी त्यांना एका डबीत तांदळाची पिठी दिली. ते चिमूटभर हवेत सोडायचे आणि पिठी जाईल त्याच्या उलट बाजूने चालायला लागायचे.

इरावतीचा हॅरोहून फोन यायचा, तिच्या मोडक्या मराठीत. “आई, बाबा परत त्या वुड्समध्ये? ही वेट ग्राउंड, तो पडला म्हणजे? त्याची हात किती शेक होते!”

“म्हणूनच जातात,” मी म्हणायचे. तिला ते कळायचं नाही.

कधी भेकर यायचंच नाही. कधी लांबून भुंकायचं. एकदा अगदी जवळ आलं आणि मला शिंक आली. परतताना कमलाकर एक अक्षर बोलले नाहीत. वेस्ताकडून शिकले असतील.

ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार आला. त्यांनी पिठी सोडली, ती आमच्याच तोंडावर आली. वारा बरोबर होता, आमचा वास मागे जात होता. मी हॉलीच्या झुडपामागे बसले. ते पुढे ओकच्या खोडाला टेकून उभे राहिले. फटफटायला लागलं होतं. पाऊण तासाने भेकर आलं. कुत्र्याएवढं, तपकिरी, पाठीला बाक. ब्रॅम्बलची पानं खात खात ते वीस पावलांवर येऊन थांबलं.

कमलाकरांनी धनुष्य उचललं आणि रिकामी दोरी हनुवटीपर्यंत ओढली. “मी ओढलं की मोज,” असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. सगळं आयुष्य त्यांनी पेशंटना आकडे मोजायला लावले. मी मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन. चारला त्यांचा हात हलला. धनुष्याचं वरचं टोक उजळत्या आभाळावर थरथरताना मला स्पष्ट दिसत होतं. सात, आठ. त्यांनी सोडलं नाही. दहा. भेकराने डोकं वर केलं आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. अकरा. भेकराने जिभेने नाक चाटलं, मान खाली घातली आणि पुन्हा पानं खायला लागलं.

त्यांनी दोरी अगदी हळू परत सोडली. भेकर पोटभर खाऊन आपल्या वेळेने निघून गेलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, “किती?”

“अकरा.”

“हात हलला ना?”

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी सोयीचं खोटं पुष्कळ बोलले होते. त्या दिवशी बोलवेना.

“हलला. चौथ्याला.”

त्यांनी डावा तळहात उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “हलू दे. पण सुनीती, त्याला मी आहे हे कळलंच नाही गं. वास नाही, काही नाही. मी तिथे नव्हतोच!” आणि ते हसायला लागले. इरावती झाली त्या दिवशीसुद्धा ते असे हसले नव्हते.

पुढे नोव्हेंबरमध्ये बंदूकवाला आला. हिलरीने मांसाचं एक पाकीट आणून दिलं, ते कमलाकरांनी हात जोडून परत केलं. ‘आपलंच’ होतं का, असं त्यांनी विचारलं नाही. ईस्टरपर्यंत त्यांना धनुष्याला दोरी चढवता येईनाशी झाली. धनुष्य क्लबला दिलं.

हिलरीचे गुडघे गेले. ती आता डेव्हनला बहिणीकडे असते. तिचं रान एका ट्रस्टकडे आहे, मे महिन्यात लोक तिथे ब्लूबेल्स बघायला जातात. माझ्या भाच्याने अक्कलकुव्याला जाऊन चौकशी केली. वेस्ता एस.टी.त कंडक्टर झाला होता आणि २००९ मध्ये वारला. ओढ्यावरची ती सकाळ त्याने घरी कधी सांगितली नव्हती.

कमलाकर २०२२ च्या फेब्रुवारीत गेले. इरावती आठवडाभर रजा घेऊन आली होती. मी झोपले असताना तिने त्यांचे शर्ट, स्वेटर, गाऊन, उशीचे अभ्रे, सगळं लॅव्हेंडरच्या लिक्विडमध्ये धुतलं, इस्त्री केली आणि चॅरिटी शॉपसाठी घड्या करून ठेवलं. “आई, सगळी कपडे धुतली मी. तुला हेल्प होईल म्हणून.” बिचारी रात्रंदिवस राबली होती. मी तिला बरं केलंस म्हटलं. ती हॅरोला गेल्यावर मी कपाटातली एकेक घडी उलगडून बघितली. सगळ्यांना एकच वास.

मग मला जॅकेट आठवलं. चपला घालून मी शेडमध्ये गेले. लॉनमोअरशेजारी ते खिळ्याला तसंच होतं. मी त्यात तोंड खुपसलं. ओल्या पानांचा वास होता, मातीचा, थोडा गंजाचा. त्यांचा नव्हता. खिशात पिठीची डबी होती, आतल्या पिठीचा गोळा झाला होता.

ते जॅकेट मी घरात आणलं आणि दारामागच्या खुंटीवर लावलं. आता फोडणी देताना मी आधी धूर ओढणारा पंखा बंद करते, आणि दार पूर्ण लावून घेते, म्हणजे जॅकेट मोकळं राहतं आणि वास त्यात मुरतो.