हेडमास्तरांचे दात

हेडमास्तरांना वाळवंट बघायचं होतं. निदान मास्तरांचं तसं म्हणणं होतं, आणि हेडमास्तर स्वतः काही बोलू शकत नसल्यामुळे खरं-खोटं करायचं कुणी?

हेडमास्तर म्हणजे एक कापडी पाणघोडा. रंगाने राखाडी, पोटाने सुटलेला, डावा कान कुठल्याशा कुत्र्याने चघळलेला. मास्तर म्हणजे त्याचा मालक, आणि जिची ही गोष्ट आहे तिचा नवरा. मास्तरांची गाडी शिकवायची शाळा होती. उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, आणि एकाही शिकाऊ माणसावर कधी आवाज चढवला नाही. रागवायचं खातं हेडमास्तरांकडे. ते समोर डॅशबोर्डवर बसलेले असत. कुणी क्लच धाडकन सोडला की मास्तर त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "हेडमास्तर विचारतायत, क्लच म्हणजे काय तापलेला तवा आहे का?" शिकणारा हसायचा, त्याची भीती जायची आणि गाडी पुढे सरकायची.

युक्ती झकास होती, यात वाद नाही. वाईट एवढंच झालं की शाळा बंद करून घरी येताना मास्तर ती युक्ती काखेत मारून सोबत आणायला लागले.

चहा पाणचट झाला की मास्तर चकार शब्द काढायचे नाहीत. पाणघोडा टेबलावर यायचा. "हेडमास्तर म्हणतात, दूध आज सुट्टीवर आहे वाटतं." तिची बहीण राहायला येणार म्हटलं की हेडमास्तरांना गर्दी सोसत नसे. तिने गाडी शिकवा म्हटलं की हेडमास्तर म्हणत, नवीन प्रवेश बंद. अर्ध्या गावाला गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या बायकोला गाडी येत नव्हती; दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गोड बोलायचं तेवढं मास्तर स्वतःच्या तोंडाने बोलत. छान दिसतेस, दमलीस का, पाय चेपू का. कडू ते सगळं पाणघोड्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून. आता भांडायचं तर भांडायचं कुणाशी? नवऱ्याशी भांडावं तर तो बिचारा काही बोललेलाच नसतो. कापडाच्या पाणघोड्याशी भांडावं तर आपलीच आपल्याला लाज वाटते.

सुरुवातीला तिलाही मजा वाटली होती, हे खोटं कशाला बोला. ती कवळ्या करायच्या कारखान्यात कामाला होती. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे, ती त्यावरून मेणात हिरड्या घडवायची, दात लावायची, घासून-पुसून चकचकीत करायची. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कामातून उरलेल्या मालातून तिने हेडमास्तरांना खालचे दोन दात करून दिले. गुलाबी हिरडीसकट, काढता-घालता येणारे, तोंडाच्या शिवणीत चपखल बसणारे. मास्तरांनी ते महिनाभर येईल-जाईल त्याला दाखवले. स्वतःच्या हाताने आपण कुणाला दात देतोय हे तेव्हा तिला कळायला हवं होतं.

मग शाळेकडे यायची माणसं कमी झाली, पुढे येईनाशीच झाली, आणि मास्तरांनी पाटी उतरवली. शिकवायची व्हॅन तेवढी ठेवली. तिच्यात फळ्यांचा पलंग केला, पाण्याचा कॅन बसवला, छतावर तंबूची वळकटी बांधली आणि म्हणाले, चल, जग बघू. ती महिन्याभराची रजा काढून निघाली. दुसरा महिना संपत आला होता.

व्हॅनमध्ये बाकी सगळं बदललं, शिकवणाऱ्याचा ब्रेक मात्र शेजारच्या सीटपुढे तसाच राहिला होता. म्हणजे तिच्या पायाशी. निघायच्या आधी काढतो म्हणाले, काढला नाही. पहिल्याच घाटात एका वळणावर तिचा पाय आपसूक त्यावर पडला, आणि हेडमास्तर भयंकर संतापले. "हेडमास्तर म्हणतात, ते खेळणं नाही." तेव्हापासून ती दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसायची. मुक्कामाला उतरली की गुडघा सरळ व्हायला वेळ लागायचा, आणि हेडमास्तर म्हणायचे, बाईसाहेबांनी व्यायाम वाढवावा.

मुक्काम म्हणजे तरी काय? आधी हेडमास्तरांचा फोटो. मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा फोनवर गट होता आणि त्यांना रोज हेडमास्तर लागत. हेडमास्तर धबधब्यासमोर, हेडमास्तर पुलावर, हेडमास्तर तळ्याकाठी डुलक्या घेताना. मास्तर जमिनीवर आडवे होऊन फोटो काढायचे आणि ती उन्हाची तिरीप अडवायला टॉवेल धरून उभी. दोन महिन्यांत तिचा एकच फोटो निघाला होता, आणि त्यातही टॉवेल आणि दोन बोटं एवढीच आली होती. फोटो झाला की तंबू. खुंट्या खडकात घुसायच्या नाहीत, वारा गॅस विझवायचा, बटाटे अर्धे कच्चे राहायचे. आणि वाळवंट अजून लांब असतानाच वाळू! वाळू दातांत, वाळू अंथरुणात, वाळू चहात. ती आयुष्यभर अशा खोलीत काम करत आली होती जिथे कणभर धूळ दिसली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

शुक्रवारी सकाळी एका टेकाडावर फोनला रेंज आली आणि कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन आला. कामाच्या खोलीचे जुने प्रमुख काम सोडत होते. मालकीणबाई आडवळणं घेणाऱ्यातल्या नव्हत्या.

"ताई, खोली तुमच्या ताब्यात द्यायचं माझ्या मनात आहे. पण सोमवारी सकाळी तुम्ही समोर हव्यात. नसलात तर बाहेरून एकजण यायला तयार बसलाय. मी आणखी थांबू शकत नाही."

"येते," ती म्हणाली. विचार करायलासुद्धा थांबली नाही.

ती खोली तिला हवी होती. दुसऱ्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर, कुठला साचा परत पाठवायचा आणि कुठला चालवून घ्यायचा हे एकदा तरी आपण ठरवावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. टेकाड उतरताना ती जवळजवळ पळत आली. मास्तर दगडावर हेडमास्तरांना बसवून कोन बघत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. उद्या फाट्यावरून घरचा रस्ता धरला की रविवारी रात्री घरी, सोमवारी कामावर.

मास्तरांनी पाणघोड्याचा कान सरळ केला. "छानच झालं की," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण हेडमास्तर म्हणतात, वाळवंट राहिलंय."

"मास्तर, मी मस्करी करत नाहीये."

"हेडमास्तरही करत नाहीयेत."

दिवसभर हेच. तिने गाडीत विषय काढला, हेडमास्तरांना झोप आली होती. जेवताना काढला, हेडमास्तर म्हणाले, नोकऱ्या छप्पन्न मिळतात, वाळवंट एकच. संध्याकाळी तंबूच्या जागेचा रखवालदार पैसे घ्यायला आला. तो सज्जन माणूस पाणघोडा बघून हरखलाच. त्याचे दात हलवून बघितले, हसून हसून खोकला, आणि म्हणाला, "वा! काय मजेत आहात हो तुम्ही दोघं."

"तिघं," मास्तर म्हणाले.

ती दातओठ खात बटाटे सोलत राहिली. हा माणूस भेटेल त्याला आवडतो, तिला वाटलं, आणि मी कपाळाला आठ्या घालून बसलेली बाई. उद्या कुणाला सांगायला गेले की माझा नवरा मला छळतो, तर विचारतील, मारतो का? नाही. बोलतो का? नाही हो, तोही नाही. त्याचा पाणघोडा बोलतो. वेड्यात काढतील मला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बटाटे सोलताना रडायला कांद्याचंही निमित्त नव्हतं.

शनिवारी सकाळी तंबू गुंडाळताना तिने शेवटचं विचारलं. "फाट्यावर कुठे वळायचं?"

"बघू," मास्तर म्हणाले.

हे "बघू" ती ओळखून होती. बघू म्हणजे नाही, पण माझ्या तोंडून ऐकू नकोस.

फाटा दुपारच्या आधी आला. मोकळा रस्ता, एक गंजलेली पाटी, डावीकडे घर, उजवीकडे वाळवंट. मास्तरांनी वेग कमी केला. स्टिअरिंगवर दोन्ही हात, शिकवायचे तसेच नेमके. मग सिग्नल दिला. उजवा. टिकटिक सुरू झाली. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

तिने मुडपलेला पाय सरळ केला आणि ब्रेक दाबला.

व्हॅन गचका देऊन जागच्या जागी थांबली आणि इंजिन बंद पडलं. मागे कॅन आडवा झाला, खण उघडले, किटली दारावर आपटली, आणि हेडमास्तर समोरच्या काचेवर आपटून तिच्या मांडीत येऊन पडले. धूळ खिडकीशी येऊन बसली.

मास्तरांनी खोल श्वास घेतला. तिच्या मांडीकडे बघितलं. "हेडमास्तर म्हणतात..."

तिने पाणघोड्याच्या तोंडात बोट घातलं आणि दात उपसून काढले. दोन्ही दात, हिरडीसकट. फुंकर मारून वाळू उडवली आणि ते खिशात टाकले.

"आता नाही म्हणत," ती म्हणाली. "कवळी माझी आहे. माझ्या हातची. तुमचे दात तुमच्या तोंडात आहेत, अजून तरी. तुम्ही बोला."

"अगं, हा काय पोरकटपणा?"

"पोरकटपणा कुणाचा, ते नंतर बघू. बोला. वाळवंटात तुमचं काय ठेवलंय?"

सिग्नल टिकटिकत होता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. दात नसलेला पाणघोडा तिच्या मांडीत तोंड पाडून पडला होता आणि मास्तर त्याच्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू तो आत्ता काहीतरी सुचवेल. मग त्यांनी नजर रस्त्यावर नेली.

"वाळवंटात काही नाही," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की तिला पुढे वाकावं लागलं. "मला घरी जायचं नाहीये."

"का?"

"शाळा बंद झाल्यापासून... तू सकाळी जातेस. संध्याकाळपर्यंत मी असतो आणि हा असतो. मी ह्याच्याशी बोलतो. म्हणजे खरंच बोलतो. ऐकायला कुणी नसतं, तरी बोलतो. मग एकदा मला माझीच भीती वाटली. आता तू प्रमुख होणार. आणखी उशिरा येणार. इथे तू दिवसभर शेजारी तरी असतेस."

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त राग आला. दोन महिने ती वाळू खात होती, गुडघे मोडून बसत होती, टॉवेल धरून उभी होती, आणि सांगायचं होतं ते हे एवढंच होतं.

"हे मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते! आत्ताही नाहीच म्हणतेय. तुमचं दुःख खरं आहे, त्याचं काय करायचं ते आपण घरी बसून बघू. दोघं. तिसरा नको. पण ती खोली मला हवी आहे, मास्तर. सोमवारी सकाळी मी तिथे असणार. तुमच्याबरोबर, नाहीतर येईल त्या ट्रकमधून."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी हुज्जत घातली नाही, हो म्हटलं नाही. सवयीने किल्ली फिरवली, गियर टाकला, क्लच सोडला. व्हॅन थरथरली आणि पुन्हा बंद पडली. मास्तरांच्या हातून गाडी सलग दोनदा बंद पडलेली तिने कधी पाहिली नव्हती. त्यांनी खाली बघितलं. तिचा पाय अजून ब्रेकवर होता.

"पाय काढ," मास्तर म्हणाले. हेडमास्तरांकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघून, चांगले चिडून.

"आधी वळा," ती म्हणाली.

सिग्नल उजवीकडचाच चालू होता. मास्तरांनी एकदा त्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी सिग्नलची दांडी खाली-वर केली आणि डावीकडची टिकटिक सुरू झाली.

तिने पाय उचलला.