मोना म्हशीनं न ओळखलेलं गाणं

मी एक गाणं. साधंसुधं नव्हे, गुप्तहेराच्या सिनेमाचं गाणं. हिरो काळा चष्मा लावून हेलिकॉप्टरमधून उतरतो तेव्हा मागं वाजत असतो तो मीच. मला गाणाऱ्या बाई मुंबईच्या, त्यांच्या कार्यक्रमाला पोरंपोरी नुसती चेंगरून घेतात. तुम्ही मला ऐकलंच नाही म्हणत असाल तर थापा मारू नका. जिममध्ये, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर, कुठं ना कुठं मी तुमच्या कानात शिरलोच असणार.

माझ्यात आधी शीळ वाजते, मग ढोल, मग बंदुकीचा बार, आणि मग बाईंचा आवाज. कुणावर भरवसा ठेवू नको, कुणाला ठावठिकाणा सांगू नको, असं काहीबाही त्या गातात. शब्द फारसे कुणाला पाठ नसतात. शीळ मात्र सगळ्यांच्या तोंडात बसलीय. आणि खरं सांगू का, ती हेराची वगैरे काही नाही हो. म्हशीला पाण्यातनं बाहेर बोलवायची शीळ आहे ती. कोल्हापूरच्या गुंडूआबांची.

झालं असं, त्या सिनेमाचं थोडं शूटिंग पंचगंगेच्या घाटावर होतं. हेर नदीत उडी टाकतो, असला काहीतरी प्रकार. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा आवाज टिपणारा एकजण केसाळ माईक घेऊन नदीचा आवाज गोळा करत बसला. पलीकडं गुंडूआबांच्या म्हशी डुंबत होत्या. आबांनी काठावरनं शीळ घातली. त्यांचा पुढचा एक दात पडलेला, त्यामुळं शेवटी हवा फुस्सकन निसटायची. मधेच सूर जरा खाली बसायचा आणि पुन्हा उठायचा. पहिली उठली ती मोना, मग तिच्या मागनं बाकीच्या दोघी. माईकवाला बघतच राहिला.

परत एकदा घाला, म्हणून तो आबांच्या मागं लागला. आबा म्हणाले, "म्हस बाहीर आलीया. आता शीळ कुणासाठी घालू?" मग काय, मोनाला पुन्हा पाण्यात सोडावं लागलं. माझा जन्म झाला तो असा.

मुंबईत संगीतकारानं ती शीळ ऐकली आणि खुर्चीवरनं उठलाच. मग कॉम्प्युटरवर माझी आंघोळ झाली. नदी पुसली, मागं ओरडणारा चहावाला पुसला, खाली बसलेला सूर उचलून जागेवर ठेवला आणि शेवटची फुस्स कापून टाकली. मला तेव्हा फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू? बाईंनी मध-लिंबाचं पाणी पिऊन मला गायलं आणि मी ऐटीत जगात आलो.

सिनेमा कोल्हापुरात लागला तेव्हा आबांना त्यांचा मुलगा विश्वजित आणि सून संयोगिता घेऊन गेले. शीळ वाजली आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. संयोगितानं आबांचा दंड गच्च धरला. विश्वजित तर शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत सुटला की ही आमच्या आबांची हाय म्हणून. पडद्यावरच्या नावांत आबा कुठंच नव्हते, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "ब्येस केलीया. इस्त्री मारल्यागत." मी त्याला कौतुक समजलो.

पुढं वर्षभरात आबांच्या अंगावरनं वारं गेलं. जीव वाचला, काठी टेकत चारदोन पावलं चालायलाही लागले, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं ते गेलंच. बोलणं जड झालं. शीळ तर विसरायचीच.

घरच्यांनी मनाची समजूत घातली, शीळ गेली तर गेली, माणूस आहे ना. पण हे मोनाला कोण सांगणार? संयोगिता म्हशी नदीवर न्यायची. पाण्यात उतरायला त्यांची कधीच ना नसायची, बाहेर यायचं मात्र नाव नाही. मोना डोळे मिटून बसून राहायची आणि तिच्या जीवावर त्या दोघीही. संयोगितानं हाका मारल्या, पेंड दाखवली, काठीनं पाणी बडवलं. शेवटी कुणाच्यातरी पाया पडून त्याला पोहत पाठवायचं आणि म्हशी हाकलून आणायच्या. तोवर धारेची वेळ टळलेली. दुधाची गिऱ्हाइकं रिकामी किटली हलवत परत जायची आणि दुसरीकडं दूध लावायची. नदी सोडावी म्हटलं तर गल्लीतल्या गोठ्यात म्हशी धुवायला पाणी पुरत नाही.

विश्वजित काही वाईट नव्हे. कागलच्या एमआयडीसीत शिफ्ट करून यायचा, आल्याआल्या शेणात हात घालायचा. माणूस थकणार नाही तर काय? एक दिवस त्यानं ठरवून टाकलं, मोनाला वडगावच्या बाजारात विकायची. ती गेली की बाकीच्या दोघी ऐकतील. व्यापाऱ्याशी बोलणं झालं, सोमवारी टेम्पो यायचा होता.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले. एरवी संध्याकाळी मोना गोठ्यात आली की तेवढे उठून बसायचे, तिच्या पाठीवरनं चांगला असलेला हात फिरवायचे. त्या संध्याकाळी उठले नाहीत. ताट होतं तसं परत गेलं. संयोगिता रोज त्यांचं करत होती, त्यांना धरून ठेवलंय ते मोनानं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मोना गेली तर आबा राहायचे नाहीत.

मी तिच्याच मोबाईलमध्ये होतो. भाकरी थापताना ती मला लावायची. दुसऱ्या रात्री स्वयंपाकाला मी वाजलो आणि तिचा हात थांबला. आबांची शीळ गेली कुठं? ती तर इथंच आहे की, तव्याशेजारी! ती तशीच पिठाचे हात घेऊन नवऱ्याकडं गेली. म्हणाली, "अवो, उद्या रविवार हाय. गाण्यावर मोना बाहीर आली तर टेम्पो यायचा न्हाय. व्हय म्हणा." विश्वजितनं आधी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलेल्या बापाकडं, आणि व्हय म्हणाला.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बघा की, जिथं जन्मलो तिथंच मोठ्या स्पीकरवर वाजायचं! संयोगितानं माहेरनं स्पीकर मागून आणला. आबांना रिक्षातनं घाटावर आणून पायरीजवळ खुर्चीत बसवलं. विश्वजित हाताची घडी घालून मागं उभा राहिला. मोना मधोमध पाण्यात, नुसतं डोकं वर.

संयोगितानं बटण दाबलं आणि मी सुटलो. माझी ती धुतलेली, इस्त्री केलेली शीळ साऱ्या घाटावर घुमली. कपडे धुणाऱ्या बायका हसून बघायला लागल्या. फिरायला आलेल्या एका जोडप्यानं लगेच रील काढायला घेतली. मोनानं एक कान हलवला, माशी बसल्यावर हलवतात तसा. बंदुकीचा बार झाला तेव्हा ती आणखी आत सरकली.

संयोगितानं मला पुन्हा लावलं. आवाज वाढवला. पुन्हा लावलं. तिचे डोळे भरायला लागले होते. मी जीव तोडून वाजत होतो हो! माझ्या पहिल्या सुराला लोक खुर्च्या सोडून नाचतात, आणि इथं माझ्याच घरची म्हैस मला ओळखेना. शरमेनं मला वाजणं नको झालं. विश्वजितनं लांब श्वास सोडला आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात आबांनी काठी पायरीवर आपटली. जड जिभेनं म्हणाले, "बंद कर त्ये."

मी बंद झालो. आबांनी चांगल्या हाताचं बोट ओढलेल्या ओठाला लावलं, ओठ दाबून धरला आणि फुंकलं. सूर असा नव्हताच. नुसती हवा, आणि हनुवटीवर ओघळलेली लाळ. विश्वजितला ते बघवेना. तो म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या."

आबांनी पुन्हा फुंकलं. श्वास मधेच खाली बसला, त्यांनी तो कसाबसा उचलला, आणि शेवटी हवा फुस्सकन निसटली. माझ्यातनं जे जे पुसून काढलं होतं, तेवढंच त्यांच्याकडं उरलं होतं. आणि पाण्यात मोनाचे दोन्ही कान ताठ झाले.

ती उठली. सरळ, पाणी कापत आली. मागनं त्या दोघी. पायऱ्या चढून तिनं ओलंगच्च तोंड आबांच्या मांडीवर टेकवलं. आबा तिच्या कपाळावर हात ठेवून हुंदके देत होते. मला डोळे असते तर मीही ढसाढसा रडलो असतो.

विश्वजितनं तिथंच व्यापाऱ्याला फोन लावला. "पावणं, टेम्पो घालू नका," म्हणाला, "म्हस घरातच ऱ्हाणार." मग रुमाल काढून बापाची हनुवटी पुसत बसला. पुसून झाली तरी पुसत होता.

आता आबा रोज रिक्षानं घाटावर जातात. सकाळी गोठ्यात तोंडाचा व्यायाम असतो, डॉक्टरांनी सांगितलेला. संयोगिता मला लावते आणि आबा माझ्याबरोबर शीळ घालतात. पण माझी पंचाईत अशी, की मला थांबता येत नाही. एकदा सुटलो की ढोल, बार, बाई, सगळं एकामागनं एक. आबांचा श्वास अजून अर्ध्यात असतो आणि मी पुढं निघून गेलेला. फार वाईट वाटायचं मला. मग संयोगितालाच सुचलं. शीळ झाली की ती बोट ठेवून मला थांबवते, आणि आबा त्यांच्या सवडीनं त्यांची शीळ पुरी करतात. मोना रवंथ थांबवून ऐकते.

तुम्ही माझ्यावर खुशाल नाचा, माझी ना नाही. पण घरात कुणाला बोलायला वेळ लागत असेल, तर तेवढ्यापुरतं मला बंद करा. मला राग यायचा नाही. हे बघा, संयोगितानं बोट ठेवलंच. मी गप्प बसतो. आता आबांना शीळ घालू द्या.