तीन पाण्यांची भाजी

साखरबाईच्या घरची पालेभाजी ज्यानं एकदा खाल्ली, त्यानं कानाला खडा लावला. पालक आणा, चवळी आणा, माठ आणा, शेवग्याचा पाला आणा. तिच्या हातून गेलं की सगळ्यांचं रूप एकच, हिरवट राखाडी गोळा. आधी भाजी खळखळ उकळायची आणि पाणी फेकायचं. नवं पाणी घालायचं, पुन्हा उकळायचं, तेही फेकायचं. तिसऱ्यांदाही तेच. मग मुठीत धरून अशी पिळायची की धुणं काय पिळाल! उरलेल्या चोथ्याला लसणाची फोडणी दिली की झाली भाजी. बटाटा चिरून पाण्यात तासभर ठेवायचा, डाळीची पहिली उकळी ओतून टाकायची. बोईसरला फाटकापलीकडच्या त्या चाळीत बायका तिला तोंडावर हसायच्या. म्हणायच्या, "साखरताई, भाजी करताय की भाजीचं तेरावं घालताय?"

हसणाऱ्यांचं काय जातंय! साखरबाईला काही हौस नव्हती.

ती आणि तिचा नवरा पुंजाराम जालन्याकडची माणसं. पुंजारामला इथं कापड रंगवायच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून आली. थोरली अर्चना, धाकटा मनीष. मनीष दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी पुंजाराम कामावरून येताना नाल्याकाठच्या मळ्यातली माठाची जुडी घेऊन आला. हिरवीगार, स्वस्त. सगळ्यांनी खाल्ली. पोराला मात्र उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबेचनात, आणि तिसऱ्या दिवशी पोर हातचं गेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं असेल, बाहेरच्या कशातून झालं असेल, सांगता येत नाही. पण साखरबाईला सांगता येत होतं. तिनं ठरवून टाकलं, नाल्याच्या पाण्याचं विष भाजीत उतरलं आणि तिच्या पोराला खाऊन गेलं.

"तुम्ही आणली होती," असं ती नवऱ्याला कधी म्हणाली नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. पण महिन्याभरात तिची ती तीन पाणी सुरू झाली, आणि पुंजाराम काय समजायचं ते समजला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुंजाराम ते ताक मुकाट्यानं प्यायला. पानात पडलेला चोथा त्यानं एकदाही बाजूला सारला नाही. अर्चना मोठी झाली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, तशी कुरकुरायची, "आई, बाजारातली चांगली भाजी असते गं, एक पाणी पुरे." तेव्हा बापच तिला गप्प करायचा. "खा की गुमान. तुझ्या आईला कळतंय."

भाजीचं पाणी निवलं की साखरबाई ते खोलीमागच्या केळीच्या बुंध्याशी ओतायची. सातपाटीची जमना कोळीण टोपली घेऊन चाळीत यायची. तिनंच कधीतरी तो कोंब आणून दिला होता. आता त्याची पोरं-नातवंडं होऊन मागं चांगलं बेट झालं होतं. जमना बघायची आणि तोंडावर हात मारायची. "अगो बाय, आमच्या वाडीत शेन घालून घालून मरतो आमी, तरी केली अशा होत नाय. तू काय घालतेस गो?"

"काही नाही. भाजीचं पाणी."

"मंग भाजीत काय रवलं?" जमना म्हणाली आणि खदाखदा हसली. साखरबाईही हसली. हसण्यावारी गेलं ते.

गेल्या वर्षी पुंजारामचं दुखणं सुरू झालं. कापड वाळवायच्या मशीनवर काम, समोर धगधगती भट्टी, अंगातून घामाच्या धारा. ब्लडप्रेशर वाढलं, साखर तर आधीपासूनच होती, पाय सुजून खांब झाले. बाजाराजवळ हिमानी डॉक्टरांचा दवाखाना आहे, त्यांनी सूज उतरायला लघवीची गोळी दिली. सूज उतरली, पण माणूसच उतरला. पिंडऱ्यांत वांब येऊन गोळे चढायचे, जिना चढताना छाती धडधडायची, पाण्याचा तांब्या उचलताना हात थरथरायचा. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी.

"पोटॅशियम म्हणजे काय असतं बाई?" साखरबाईनं विचारलं.

"शरीरातला एक क्षार आहे. तो कमी झाला की स्नायू लुळे पडतात," हिमानी डॉक्टर म्हणाल्या. "आणि हृदय हाही स्नायूच आहे, मावशी. ठोका चुकतो. हे हसण्यावारी नेऊ नका. गोळी मी बदलते, थोडे दिवस सिरप देते. पण पुढं पोटातून जायला हवं. पालेभाजी रोज, शेवग्याचा पाला, डाळी, दही. साखर आहे म्हणून केळं बेतानं, अर्धं चालेल."

अर्धं केळं साखरबाईनं तिथंच खोडून टाकलं. साखर वाढली तर? मागच्या बेटातल्या एका केळीला तेव्हा नुकतंच केळफूल आलं होतं. पुंजाराम तिथं उभा राहून म्हणाला, "पिकल्यावर एक तरी खाऊ देशील ना?" तर ही कडाडली, "मरायची घाई झाली का?" उरली पालेभाजी. तिच्यासाठी मात्र तिनं कंबर कसली. बाजारात चार बायकांकडं फिरून, पानन् पान उलटून भाजी आणायची. सकाळी पालक, डब्यात चवळी, रात्री शेवगा. आणि सगळी, अर्थातच, तीन पाण्यांची. आजारी माणसाला तर जास्तच जपायला हवं, नाही का? शेवग्याच्या पाल्याला तिनं चौथं पाणी लावलं.

सिरप होतं तोवर आकडा वर चढला. सिरप संपलं आणि पुन्हा खाली आला. हिमानी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि पुंजारामकडं बघितलं. "काका, भाजी खाता ना?"

"खातो की."

"रोज?"

"तीन टायमाला," तो म्हणाला आणि ओशाळल्यासारखा हसला.

तो ओशाळलेला चेहरा साखरबाईच्या डोक्यात बसला. आपण पहाटे उठून पानं खुडतो, तीन तीन आधण ठेवतो, गॅस जाळतो, आणि आकडा खाली? असं होईलच कसं! घरचं जेवण तर डोळ्यांसमोर असतं. मग राहिला डबा. माणूस डबा खात नाही. गेटावर वडापाव खातो आणि आपली भाजी कुत्र्याला घालतो. डबा रोज कसा अगदी लख्ख पुसलेला येतो, तो काय उगीच? एकदा संशय आला की त्याला खतपाणी घालावं लागत नाही. महिनाभर ती धुमसत राहिली. पुन्हा रक्त द्यायची वेळ आली. आदल्या दिवशी रक्त देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायात बूट घालताना त्याला वाकवेना, भिंतीला धरून उभा राहिला. ते बघून तिला दया यायला हवी होती. आला तो संताप.

"खरं सांगा, डबा कुणाला घालता?"

"कुणाला घालणार? मीच खातो."

"खोटं! खाल्लं असतं तर अंगी लागलं असतं. माझ्या हातचं नको झालंय तुम्हाला."

"अगं, खातो म्हणतोय ना. सगळं खातो. शप्पथ."

"कुणाची शप्पथ घेता? मनीषची?" आणि मग जे इतकी वर्षं दातांमागं धरलं होतं, ते बाहेर आलं. "त्याला तुमच्या हातच्या भाजीनं नेलं. आता माझ्या हातची तुम्हाला गोड लागेना. जायचंय ना त्याच्याकडं? मग जा!"

अर्चना आतून "आई!" म्हणून ओरडली. पुंजारामनं दुसरा बूट घातला, डब्याची पिशवी उचलली आणि निघाला. दारातून वळून म्हणाला, "डबा घेतला बरं का." बस. एवढंच.

तो गेल्यावर साखरबाई भांडी घासत रडली. बोलले ते बोलले, संध्याकाळी पाय धरीन, असं तिनं ठरवलं. दुपारी रिपोर्ट आणायचा होता, तो आणायला एकटीच दवाखान्यात गेली.

हिमानी डॉक्टरांनी कागद बघितला आणि उभ्याच राहिल्या. "काका कुठं आहेत?"

"कामावर."

"कामावर? मावशी, आकडा फार खाली गेलाय. आत्ताच्या आत्ता आणा त्यांना, ॲडमिट करावं लागेल. रिक्षा करा." आणि चिठ्ठी लिहिता लिहिता त्या सहज म्हणाल्या, "जातं कुठं सगळं? भाजी करता कशी तुम्ही?"

साखरबाईनं सांगितलं. ठासून सांगितलं. निदान हे तरी आपलं चोख आहे असं तिला वाटत होतं. पहिलं पाणी, दुसरं, तिसरं, मग पिळून. शेवग्याला चौथं.

हिमानी डॉक्टरांचा हात थांबला. "आणि ते पाणी?"

"फेकते. केळीला घालते."

"अहो मावशी," त्या खुर्चीत बसल्या. "पोटॅशियम पाण्यात उतरतं. तुम्ही तेच ओतून टाकत होतात. मी विचारायला हवं होतं. चुकलंच माझं."

साखरबाईला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे माणूस खात होता. तीन टायमाला खात होता. ती चिठ्ठी न घेताच उठली आणि रस्त्यावर धावत सुटली. डॉक्टरीणबाईंनी मागून हाका मारल्या, त्या तिच्या कानावर पडल्या नाहीत.

कारखान्याच्या गेटावर माणसं जमली होती. रिक्षातून उतरताच तिला एकनाथ दिसला. एकनाथ पुंजारामच्या शेजारच्या मशीनवरचा, परभणीचा. त्याच्या हातात डब्याची पिशवी होती. ती बघून साखरबाई तिथंच खाली बसली.

"जेवण करून उठले वहिनी, आणि मशीनपाशी गेले, आणि पडले. छातीवर दाब देऊन बघितलं, गाडीत घातलं..." एकनाथ सांगत होता. दवाखान्यात पोचायच्या आधीच ठोका थांबला होता.

साखरबाईनं हात पुढं केला आणि पिशवी घेतली. डबा उघडला. लख्ख. पोळीच्या तुकड्यानं कडेकडेनं पुसून घेतलेला.

"यांनी खाल्लं का?" तिनं विचारलं. "एकनाथभाऊ, तुमच्या पोरांची शप्पथ. खायचे का हे?"

"सगळं खायचे वहिनी. मी एकदा चव बघितली, राग मानू नका, मला घास उतरेना. म्हणालो, भाऊ, माझ्यातली घ्या भाजी, हा चोथा कशाला खाता? तर म्हणाले, हिचं एक लेकरू माझ्या भाजीनं गेलं. ही जे घालील ते खायचं." एकनाथनं डोळे पुसले. "आज म्हणाले, पुसून नेला नाही तर तिला वाटतं मी टाकून दिलं."

दहावा शिरगावच्या किनाऱ्यावर केला. जालन्याहून पुतण्या विक्रम आला होता, त्यानं क्रियेला बसून पिंड मांडला. साखरबाई पहाटे उठली होती. तिनं माठाची भाजी केली. एका पाण्यानं नुसती धुतली, चिरली, कढईत टाकली, वर झाकण ठेवलं, आणि अंगच्या पाण्यातच शिजवली. थेंब फेकला नाही. द्रोणात घालून ती पिंडाशेजारी आणून ठेवली.

कावळे तर ढिगानं होते. शेजारी मासळी वाळत घातलेली, तिच्यावर काळे थवेच्या थवे. पिंडाकडं एकही फिरकेना. विक्रमनं हात जोडून सांगितलं, काका, अर्चनाचं लग्न आम्ही करू. अर्चना म्हणाली, बाबा, आईला मी सांभाळीन. एकनाथनंही काही सांगितलं. कावळा नाही. जमना टोपली बाजूला ठेवून आली होती, ती हळूच म्हणाली, "इकडचे कावले मासल्याचे गो. भाताला कोन विचारतंय? मनाला नको लावून घेऊस."

साखरबाई पुढं झाली. पदर नीट घेऊन वाळूत बसली आणि समोर कुणी बसलंय अशी बोलली. "अवं, तुम्ही डबा खात होता. कळलं मला. मी बोलले ते पोटात घाला. आज पाणी नाही फेकलं मी. खाऊन बघा."

सगळे वर बघत राहिले. मासळीवरचा एक कावळा उडाला, डोक्यावरून गेला, आणि पुन्हा मासळीवरच जाऊन बसला. ऊन चढलं. भटजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. माणसं उठून पाय धुवायला गेली.

साखरबाई उठली नाही. तिनं तो द्रोण ओढून घेतला. "काकू, ते खात नसतात!" विक्रम ओरडला. भटजीही "अहो बाई" म्हणाले. अर्चनानं कुणाला पुढं येऊ दिलं नाही. साखरबाईनं एक घास घेतला, मग दुसरा, आणि भाजी संपल्यावर द्रोणाची कड बोटानं पुसून घेतली.

भाजी चांगली झाली होती.