माझा जुळा भाऊ आणि पांढरे पान

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे, पाठीवरचे झाकण रबराने बांधून ठेवावे लागते आणि चार्जिंगची वायर जरा वाकडी धरली तरच माझ्या जिवात जीव येतो. तरीही जगात नवे काय आले ते मला तुमच्या आधी कळते. खोटे वाटत असेल तर ऐका.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पहिली खरी आठवण दुकानातली आहे. जाड चष्म्याचे एक गृहस्थ आले, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच. असे दोन द्या."

"एक वेगळ्या रंगाचा घ्या की. अदलाबदल होईल," दुकानदार म्हणाला.

"होऊ दे. एक मुलीला, एक मला. ती शिकायला बाहेर चाललीय. तिचं काही अडलं, तर मला माझ्यात बघून सांगता आलं पाहिजे."

ते अप्पा. माझा जुळा भाऊ त्यांच्या खिशात गेला, मी त्यांच्या मुलीच्या पिशवीत. पुढे घडले मात्र उलटेच. अडायचे ते अप्पांचे. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा, "अगं, ते अक्षर मोठं करायचं बटण कुठं गेलं?" मग ती म्हणायची, "थांबा, माझ्यात बघते." दोघे मिळून ते बटण शोधायचे आणि सापडले की जग जिंकल्यासारखे हसायचे. मलाही तेव्हापासून खोड लागली. कुठले बटण दाबले की काय होते, हे कुतूहल माझ्यात तिथून आले.

शिक्षण संपले, मुलीला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, नवा फोन आला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. जुन्या किल्ल्या आणि वाळलेली पेने हे माझे शेजारी. त्यांच्याशी काय बोलणार! एक दिवस मात्र ड्रॉवरच्या फटीतून मोठमोठे आवाज आले. मुलीने नोकरी सोडली होती आणि अप्पा तावातावाने आले होते.

"चांगल्या नोकरीवर पाणी सोडलंस! आणि करणार काय, तर वेबसाइट?"

"वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी वेबसाइट. सांगू का नीट?"

"मला त्यातलं काही समजत नाही."

"मग त्यावर बोलूही नका."

दार लागले. त्या दिवसापासून बापलेकीत अबोला सुरू झाला. दोघेही एकाच मातीचे, पहिला फोन कोणी करायचा यावर अडून बसले.

माझे नशीब मात्र त्याच भांडणाने उघडले. मुलीने शिंप्याच्या दुकानावरची एक खोली घेतली, दोन टेबले मांडली आणि मला ड्रॉवरमधून काढून शेल्फवर पुठ्ठ्याच्या स्टँडवर उभे केले. तिथे सगळे तिला ताई म्हणतात. 'सगळे' म्हणजे खरे तर एकच जण, वेबसाइटच्या पानांचे रूप ठरवणारा तिचा कामातला जोडीदार. त्याच्या कामाचा वेग पाहून ताईने त्याचे नाव झटपटराव ठेवले.

तुम्ही बोट लावले की हलणारी, विचारले की उत्तर देणारी पाने पाहता ना? ती बनवणाऱ्या लोकांना रोज काहीतरी नवे हवे असते. कोणत्या ब्राउझरला नवे काय करता येऊ लागले, कोणते साधन फुकट मिळते, एखादी युक्ती कशी करायची, या बातम्या आणि तयार नमुने ताई दर आठवड्याला देते. आणि तिचा नियम एकच. प्रत्येक पान आधी माझ्यावर उघडायचे.

"या म्हाताऱ्यानं मान डोलावली की मगच पान बाहेर जाऊ दे," ती म्हणायची.

काय काय पाहिले मी! बोटाने ओढला की सरकणारा नकाशा, खुर्ची उचलून ठेवावी तशी इकडून तिकडे ठेवता येणारी चित्रे, चूक लिहिली की तिथल्या तिथे टोकणारे फॉर्म. पुढच्या आठवड्यात काय असेल, या विचाराने माझे अंग आधीच गरम व्हायचे. काही गोष्टी मला झेपत नसत. तेव्हा ताई झटपटरावाला सांगायची, "नाचता आलं नाही तरी चालेल. उभं राहता आलं पाहिजे." मग माझ्यासाठी त्या पानाचे साधे रूप तयार व्हायचे. 'तुमचे नमुने कुठेही चालतात' असे वाचक लिहायचे, तेव्हा ती कौतुकाची थाप माझ्याच पाठीवर पडायची, आणि झाकण निखळायचे.

प्रत्येक पानाच्या तळाशी ताईने दोन बटणे ठेवली होती, 'समजलं' आणि 'नाही समजलं'. वाचकाचे नाव कळत नसे, पण तो कोणत्या प्रकारच्या फोनवरून आला ते दिसे. त्यात दर आठवड्याला एक वाचक हुबेहूब माझ्यासारख्या फोनवरून यायचा. पान शेवटपर्यंत वाचायचा आणि न चुकता दाबायचा, 'नाही समजलं'.

झटपटरावाची हसून हसून पुरेवाट व्हायची. "हा कोण पुरातन प्राणी? काही कळत नाही आणि दर आठवड्याला हजर!"

ताई हसायची नाही. "त्याला कळेल असं लिहू या," म्हणायची आणि पुन्हा लिहायला बसायची. मी ओळखले होते. तिनेही ओळखले होते. फोन कोणीच केला नाही, पण ते एक बटण म्हणजे बापलेकीचे उरलेसुरले बोलणे होते. सकाळी आल्या आल्या ती आधी तेच पाहायची.

मग झटपटरावाने साइटचे नवे रूप केले. सुंदर होते, खोटे कशाला बोलू! फक्त ते माझ्यावर उघडायचा त्याला कंटाळा आला. "याला उठवायचं म्हणजे देवाला जागं करायचं," असे पुटपुटत त्याने आपल्या मोठ्या पडद्यावरची खिडकी ओढून मोबाइलएवढी चिंचोळी केली. "ताई, बघ. मोबाइलवर झक्कास दिसतंय!" ताईने लिहिता लिहिता मान डोलावली. मित्रांनो, खिडकी लहान केली म्हणून यंत्र जुने होत नाही. पण मी शेल्फवरून ओरडणार कसा?

सगळीकडून वाहवा झाली. फक्त तो एक वाचक आला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. ताईचा चेहरा उतरला. ती स्वतःच्या फोनवर अप्पांचा नंबर काढायची, बघायची आणि फोन पालथा ठेवायची. ते रागावले असतील की आजारी असतील? मला तर माझ्या भावाचीच काळजी लागली होती. कधी नव्हे ते मला नव्या बातमीचे कुतूहल वाटेना.

एका दुपारी जिना चढण्याचा आवाज आला. दारात अप्पा उभे होते, हातात रुमालात गुंडाळलेले काहीतरी. ताई खाली गेली होती. झटपटराव त्यांना ओळखत नव्हता.

"हे पान तुम्ही बनवता ना? बिघडलंय," अप्पा म्हणाले.

"काका, बिघडलाय तो तुमचा फोन असेल."

"दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, फोन ठणठणीत आहे, पान बिघडलंय. जे बनवतात त्यांना विचारा."

रुमाल सुटला. माझा भाऊ! रंग उडालेला, पण काच अजून धड. झटपटराव त्याच्याकडे पाहतच राहिला. मग मुकाट्याने मला खाली काढून त्याने पान उघडले. माझ्या पडद्यावर काहीच आले नाही. दोघे जुळे भाऊ शेजारी शेजारी, कोरे पांढरे. चालण्यासाठीच माझे कौतुक झाले होते, पण खरे सांगतो, त्या दिवशी माझ्या न चालण्याचाच उपयोग झाला.

"म्हणजे तो पुरातन... म्हणजे, ते तुम्ही?" झटपटरावाने जीभ चावली.

तेवढ्यात ताई दारात आली.

"बरे आहात ना?" तिनेच आधी विचारले.

"मला काय धाड भरलीय! मला वाटलं, तूच माझ्यापुरतं बंद केलंस."

"असं कसं करीन मी, अप्पा?" तिने दोन्ही फोन पाहिले आणि झटपटरावाकडे पाहिले. त्याची मान खाली गेली. "पूर्वी मजकूर आधी यायचा, हलणारं-बोलणारं सगळं नंतर. आता मजकूर आणायचं कामही त्या हलणाऱ्या गोष्टींवर सोपवलंय. तुमच्या फोनला त्यांच्या सूचनांमधला एक नवा शब्द कळला नाही आणि त्यानं सगळंच सोडून दिलं."

"एका शब्दासाठी सगळं सोडून दिलं?" अप्पा म्हणाले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "आपलंही तेच झालं, नाही का?"

ताईने डोळे पुसले आणि कामाला बसली. झटपटराव तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला, या वेळी अजिबात घाई न करता. ऊन कलले तेव्हा पान आधी माझ्यावर उघडले, मग माझ्या भावावर. साधे होते, पण अक्षर न् अक्षर जागेवर होते. अप्पांनी उभ्या उभ्याच शेवटपर्यंत वाचले आणि बोट तळाशी नेले. आम्ही सगळे बघत होतो.

'नाही समजलं.'

"अप्पा!" ताई रडता रडता हसली.

"खोटं कशाला दाबू?"

"बरं, कुठून नाही समजलं?"

"पहिल्या ओळीपासून."

"मग बसा. सांगते."

अप्पांनी खुर्ची ओढली आणि बसले.

मित्रांनो, नवे जरूर बनवा. त्याची हौस तर मलाही आहे. पण बनवून झाले की ते एखाद्या जुन्या, संथ, तडा गेलेल्याच्या हातात देऊन पाहा आणि त्याला उघडता येईपर्यंत थांबा. मी अजून शेल्फवरच आहे. फक्त दर शनिवारी दुपारी मला खाली घेतात, कारण तेव्हा अप्पा येतात आणि माझा भाऊ माझ्या शेजारी असतो.