दाढीचा नकाशा

चूक झाली असं एका ओळीत लिहून द्या आणि उद्यापासून कामावर या, एवढंच मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं. आणि ती एक ओळ लिहायला ज्यांचा हात तयार नव्हता, ते गृहस्थ सक्तीच्या रजेवर घरी बसून वस्तऱ्याने दाढी करायला शिकत होते. मोजणीच्या कचेरीत त्यांना सगळे ओळंबेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गवंड्याच्या हातातला ओळंबा कुणाच्या भिडेखातर तसूभरही वाकडा लटकत नाही, तसाच हा माणूस, म्हणून कुणीतरी थट्टेने ठेवलेलं नाव शिपायापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही ते मनातून आवडत असे.

भानगड झाली होती ती एका रेघेवरून. नदीकाठच्या जमिनीची हद्द जुन्या नकाशात जिथे होती तिथे ती आता नव्हती. काठ सरकला होता. ओळंबेसाहेबांनी तीनदा फीत लावून मोजला आणि जिथे दिसला तिथे रेघ ओढली. मोठे साहेब म्हणाले, साठ वर्षांचा नकाशा चुकेल कसा, चुकलात तुम्ही. "साहेब, नकाशात दिसतं ते काढायचं असतं, असायला हवं ते नाही," असं सगळ्यांदेखत सुनावून ओळंबेसाहेबांनी तिथल्या तिथे फेरमोजणीचा अर्ज ठोकला आणि ताठ मानेने घरी आले. आता फेरमोजणीचा निकाल येईपर्यंत करायचं काय, हा प्रश्न होता.

"काहीतरी छंद लावून घ्या बाई," बायको म्हणाली. "तुम्ही दिवसभर घरात असलात की भिंतीसुद्धा सावधान उभ्या राहतात."

नेहमीच्या सलूनवाल्या म्हाताऱ्याने आपला जुना वस्तरा खणात टाकून दिला होता. हल्ली सगळीकडे पातं बदलायचे वस्तरे आले, त्याला धार लावत बसायला वेळ कुणाला? ओळंबेसाहेबांना वेळच वेळ होता. त्यांनी तो वस्तरा मागून घेतला आणि म्हाताऱ्याकडून रीतसर धडे घेतले. चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, धार मागे. गालाची कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची, पातं जवळजवळ निजवायचं, दाबायचं मुळीच नाही. "आणि आधी दाढीचा कल ओळखा साहेब," म्हातारा म्हणाला. "केस कुठे खाली वळतात, कुठे आडवे जातात, भोवरा कुठे आहे. पहिला हात सुलटा, मग आडवा, शेवटी उलटा. कल कळला नाही तर गालाची चटणी होईल." कल बदलतो का, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हातारा हसला. माणूस मरेपर्यंत बदलत नाही म्हणाला.

दुसऱ्या कुणी हे डोक्यात ठेवलं असतं. ओळंबेसाहेबांनी ट्रेसिंग पेपर काढला. बोटाने गाल चाचपून, केसांच्या दिशेचे बारीक बाण काढून, डावी बाजू, उजवी बाजू, हनुवटी, गळा, सगळ्याचा त्यांनी मूळ मापात नकाशा केला, खाली तारीख घातली, सही ठोकली. उजव्या जबड्याखाली एक भोवरा होता, तो छोट्या वर्तुळाने दाखवला. पहिले आठ दिवस कापून घेतलं, तुरटी फिरवून बायकोची बोलणी खाल्ली, पण नवव्या दिवशी गाल गुळगुळीत झाला, आणि महिन्याभरात कचेरीतल्या अपमानाची सल थोडी बोथट झाली.

मग एका सकाळी उलट्या हाताला उजव्या जबड्याखाली वस्तरा अडायला हवा होता, तिथे तो सरळ घसरला. अडला तो डावीकडे. चांगला अर्ध्या बोटाएवढा काप गेला.

"आरशात डावं-उजवं उलट दिसतं, तसं झालं असेल," बायको म्हणाली.

"अगं, तीस वर्षं नकाशे काढतोय मी! मला डावं-उजवं कळत नाही?"

त्यांनी नवा कागद घेतला, नवा नकाशा काढला, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. भोवरा डावीकडे होता. गळ्यावरचे बाणही थोडे फिरले होते. पुढच्या आठवड्यात आणखी फिरले. चौथ्या कागदावर डाव्या गालावरचे केस कानाकडे तोंड करून उभे होते, आणि ओळंबेसाहेब पहिल्यांदाच धास्तावले. गालासाठी नव्हे. आपण खरंच चुकायला लागलो की काय, हात आणि डोळा दगा देतायत की काय, मोठे साहेब म्हणतात ते खरं की काय, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

शेवटी त्यांनी बायकोलाच साक्षीला बसवलं. तिने डोळे मिटायचे, त्यांच्या गालावरून बोट फिरवायचं आणि बोटाला काय लागतं ते सांगायचं; ते लिहून घेणार. ती आधी हसली, लाजलीही. मग तिचं बोट कानापासून निघालं. "इथे मऊ... इथे अडतंय... इथून आडवं जातंय." तिने सांगितलं ते त्यांनी चौथ्या कागदाशी ताडून पाहिलं. एकेक बाण तंतोतंत जुळला.

"बघ! मी बरोबर होतो!" ओळंबेसाहेब टाळी वाजवून ओरडले. कित्येक महिन्यांत ते इतके खूश झाले नव्हते.

"बरोबर आहात हो," ती म्हणाली. पण तिने हात मागे घेतला होता, आणि पदराला ते बोट ती पुन्हापुन्हा पुसत होती.

सलूनवाल्या म्हाताऱ्यालाही त्यांनी गाल दाखवला. त्याने चष्मा लावून, दोन्ही हातांनी, बराच वेळ चाचपलं. हे खरं आहे ना, एवढंच त्यांना त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "खरं आहे," म्हातारा हळूच म्हणाला, "पण साहेब, हा वस्तरा ठेवून जा. दाढी वाढवा. आणि यापुढे माझ्या खुर्चीत नका बसू, पाया पडतो." ओळंबेसाहेबांनी वस्तरा खिशात टाकला आणि घरी आले. खरं आहे म्हणतोस आणि घाबरतोसही, याला काय अर्थ आहे!

त्या आठवड्यात बायकोने त्यांच्यासमोर सहा कागद ठेवले. तिचे डोळे सुजले होते.

"हे फाडून टाका. आणि कचेरीत ती ओळ लिहून द्या. चुकलो म्हणा. एकदाच. माझ्यासाठी म्हणा."

"न चुकता चुकलो म्हणू? जमायचं नाही. काठ सरकला तो सरकला. मी नाही म्हटलं म्हणून तो मागे येणार आहे का? गालाचंही तेच."

"मला तुमचा गाल पाठ होता," ती म्हणाली. "एकतीस वर्षं पाठ होता."

"तो जुना नकाशा झाला," ओळंबेसाहेब म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ती उठून आत गेली. कागद त्यांनी तारखेप्रमाणे लावून ठेवले.

सातवा कागद काढला त्या दिवशी त्यांनी तो पहिल्यावर ठेवून काचेला लावला. एकही बाण जुळत नव्हता. मग चार दिवस नवे कागद काढले, ते सगळे सातव्याशी तंतोतंत जुळले. सरकायचं तेवढं सरकून झालं होतं. पाचव्या सकाळी ते सातवा नकाशा आरशाशेजारी चिकटवून उभे राहिले. ब्रशने दाट फेस केला, कातडी ताणली, आणि नव्या कलाप्रमाणे सुलटा हात, आडवा हात, उलटा हात असे तिन्ही फिरवले. रक्ताचा एक टिपूस नाही. इतकी साफ दाढी जन्मात झाली नव्हती. आरशात त्यांनी नीट निरखून पाहिलं: तेच नाक, तेच डोळे, तीच हट्टी हनुवटी. आता येऊ दे कोण येतं ते, असं म्हणत ते टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले.

"हात लावून बघ तरी," त्यांनी बायकोपुढे गाल केला.

तेवढ्यात फोन वाजला. तो तिच्याच हाताशी होता.

"हो, घर त्यांचंच," ती म्हणाली. "झाली का फेरमोजणी?... तिथेच निघाली रेघ? अगदी तिथेच?... स्वतः मोठे साहेब माफी मागणार आहेत?"

ओळंबेसाहेबांची छाती भरून आली. जिंकलो! शेवटी जिंकलो! त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. मला बोलू दे त्यांच्याशी."

ती त्यांच्याकडे बघत होती. कानापासून हनुवटीपर्यंत तिने एकदा सावकाश नजर फिरवली, मग दुसऱ्या गालावरून पुन्हा कानापर्यंत नेली. डोळे भरले होते, पण ते तिने पुसले नाहीत. फोन तिने या कानावरून त्या कानावर घेतला.

"नाही हो," ती ठाम आवाजात म्हणाली, "ते घरी नाहीत."