चार बोटं रिकामी

बोलतेय ती मी, मृणालीची आलेखवही. जन्म १९९४ चा, अंगावर हिरवे चौकोन, पानं दोनशे. धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तिच्या मामाने मला रोह्याच्या दुकानातून आणलं. वाटलं, कंपनीचे आकडे लिहिणार माझ्यात. कसलं काय, माझ्या नशिबी आली जिवंत पेशी!

मृणाली मुंबईला संशोधन करायची. पेशी एक पदार्थ बनवते आणि तो पुरेसा साठला की तोच स्वतःचं बनणं थांबवतो. हा कारभार तिला गणितात बसवायचा होता. प्रयोगशाळेत तो पदार्थ सारखा वरखाली व्हायचा. तिच्या समीकरणातली रेघ मात्र थोडी चढून आडवी झोपायची. खोडरबराने माझी सालटी निघाली. शेवटी तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, सोमवारपर्यंत जुळलं नाही तर विषय सोडा. तीन वर्षांचं काम होतं ते.

रडवेली होऊन ती पेणला घरी आली आणि मला घेऊन मिठागराच्या बांधावर बसली. तिचे बाबा, कमळाकर, तिची पेशीची रडकथा ऐकत वाफ्यात खाडीचं पाणी घेत होते. पाण्याच्या दारावर, पार लांब, त्यांचा गडी सखा बसलेला. बाबांनी हाक दिली, "सखा, बंद कर रं." वाफा तर अजून भरला नव्हता.

"बाबा, एवढ्यात?"

"चार बोटं रिकामा हाय तवाच सांगायचं. हाक पोचंस्तोवर, दार पडंस्तोवर पानी येतंच. भरल्यावर सांगून काय उपेग?" मग माझ्यावर वाकून म्हणाले, "तुझ्या पेशीचा सखा कुठं बसतो गो?"

मृणालीने मला चटकन उघडलं. तिच्या समीकरणात दार त्याच क्षणी लागत होतं. पेशीतही निरोप पोचायला वेळ लागतो, हे तिने धरलंच नव्हतं.

"चार बोटं म्हणजे किती?"

"इतकी," म्हणत बाबांनी चिखलाचा हात माझ्या एकेचाळिसाव्या पानावर ठेवला. मला शिसारी आली, खोटं कशाला सांगू.

तिने तो उशीर समीकरणात घातला. संध्याकाळपर्यंत माझी आळशी रेघ झोके घेऊ लागली, अगदी प्रयोगशाळेतल्यासारखी. बापलेक बांधावर खदखदून हसले. सोमवारी सरही हसले.

पुढे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला विचारलं, ही कल्पना कुठल्या ग्रंथातली? तिने मला उघडून ती बोटं दाखवली. मागे नवा शर्ट घालून बसलेल्या बाबांनी हात पटकन खिशात लपवला.

आता मी तिच्या कपाटात असते. माझी धूळ झटका, पुठ्ठा बदला, काय हवं ते करा. एकेचाळिसावं पान तेवढं पुसू नका. माझा सगळा जीव त्या चार बोटांत आहे.