ढगाची जागा

अक्षया रत्नागिरीला उतरली आणि घरी न जाता तशीच पावसला गेली. आगाशे सरांना ही गोष्ट फोनवर सांगणं तिला पटत नव्हतं.

सर तिचे पीएचडीचे गाइड. निवृत्तीनंतर ते पावसला, आपल्या गावी येऊन राहिले, तरी दोघांचं संशोधन एकत्रच चालू होतं. ब्लॅक होलभोवती वायूची तबकडी फिरत असते, आणि तिच्याजवळच्या एका अतितप्त ढगातून क्ष-किरण निघतात. तो ढग केवढा आणि नेमका कुठे, यावर सरांनी आयुष्य घातलं होतं. त्यांच्या मते तो अगदी लहान होता, ब्लॅक होलच्या बरोबर वर, टांगलेल्या दिव्यासारखा.

सर पडवीत बसले होते. तिने लॅपटॉप उघडला.

"उपग्रहाचं निरीक्षण आलं, सर. किरणांच्या कंपनाची दिशा मिळाली."

"आणि?"

"त्या दिशेवरून दिसतंय, ढग वर नाहीये. तबकडीला धरून आडवा पसरलाय."

सरांनी लॅपटॉप जवळ ओढला आणि आलेख वरून खाली तपासला.

"उपकरणाचा दोष वगळलास?"

"हो. दुसऱ्या गटानेही तपासलंय."

"मग छाप. पेपरवरून माझं नाव काढ."

"सर, हे निरीक्षण तुम्हीच मागितलं होतंत!"

"मला खात्री होती म्हणून मागितलं. काढ म्हटलं ना."

ते उठून बागेत गेले आणि आंब्याच्या कलमांच्या आड दिसेनासे झाले. त्यांच्या पत्नी, गोदाकाकू, चहा घेऊन आल्या. रिकामी खुर्ची बघून त्या हळूच म्हणाल्या, "आज नको हो बोलूस काही. जेवून जा."

अक्षयाने फक्त चहा घेतला. सांजावेपर्यंत ती थांबली, सर आले नाहीत. शेवटी तिने एसटी पकडली.

मग तिने पेपर लिहायला घेतला. 'पसरलेला आहे' खोडून तिने 'पसरलेला असू शकतो' लिहिलं. ढग वरही असण्याची शक्यता म्हणून तिने शेवटी एक परिच्छेद घातला. त्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. सरांच्या नावाशिवाय मसुदा नियतकालिकाकडे गेला. एक प्रत तिने त्यांनाही पाठवली.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"हा शेवटचा परिच्छेद कशासाठी?"

"एक शक्यता म्हणून, सर."

"आकडे तसं म्हणतात?"

"नाही, सर."

"माझी कीव करतेस?" त्यांनी विचारलं. "मी चुकलो ते चालेल. तू माझ्यासाठी खोटं लिहायचं नाहीस."

फोन बंद झाला. अक्षयाने त्याच संध्याकाळी परिच्छेद काढला, 'पसरलेला आहे' पुन्हा लिहिलं आणि मसुदा परत पाठवला. पेपर छापून आला, कौतुकाचे मेल आले. तिने पावसला फोन लावला.

काकूंनी उचलला. "हे बागेत आहेत गं," त्या म्हणाल्या. मागे सरांचा खोकला स्पष्ट ऐकू येत होता.

"बरं," अक्षया म्हणाली, आणि काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली.